रुगर नंबर १, ७×५७ : गोळ्या एकावर एक चढत जातात, त्यावरचा इलाज

रुगर नंबर १ ही एक-काडतुसी रायफल, त्यातही ७×५७ या काडतुसाची (७ मिमीची गोळी, ५७ मिमी लांब पितळी पुंगळी), घेतली की एक तक्रार हमखास कानावर येते. शंभर यार्डांवर पहिली गोळी हवी तिथे लागते, दुसरी इंच-दीड इंच वर, तिसरी तिच्याही वर. डावी-उजवीकडे फारसा फरक नाही. नळी थंड होऊ दिली की पुन्हा पहिल्या जागी. मग मालक स्कोप बदलतो, काडतुसं बदलतो, शेवटी नळी खराब म्हणून रायफल विकायला काढतो. बहुतेक वेळा नळी उत्तम असते. खोड असते ती नळीखालच्या लाकडात आणि ते लाकूड ज्या पोलादी दांड्यावर बसलंय त्यात. ती घरच्या टेबलावर बसून बऱ्याच अंशी काढता येते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. हे लिहिलंय ते अमेरिकेत राहून रीतसर परवाना घेऊन हरणाच्या हंगामात जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी. काडतुसाबद्दलचा भाग मात्र भारतात वडिलोपार्जित परवान्यावर .२७५ रिग्बी बाळगणाऱ्यांनाही लागू पडेल, कारण .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ च. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेटना जी रिग्बी रायफल भेट दिली, ती याच काडतुसाची.

आधी रचना डोळ्यांसमोर आणा

नंबर १ बाजारात आली १९६७ च्या सुमारास. तिची मूळ कल्पना जॉन फार्कर्सनच्या १८७२ च्या पेटंटमधली: चापाखालचा लिव्हर खाली ओढला की चेंबरमागचा (चेंबर म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा) पोलादी ठोकळा सरळ खाली सरकतो, काडतूस घालायचं, लिव्हर वर घेतला की ठोकळा चेंबर बंद करतो. रचना अतिशय भक्कम आहे. पण तिचा दस्ता अखंड नाही, दोन तुकड्यांचा आहे. मागचा तुकडा रिसीव्हरला, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या पोलादी पेटीला, घट्ट धरलेला असतो, त्याची चिंता नको. पुढचा तुकडा, म्हणजे फोरएंड, हा सगळ्या गोंधळाचा धनी.

फोरएंड नळीला कुठेच स्क्रूने जोडलेला नाही. रिसीव्हरमधून एक पोलादी दांडा नळीखालून पुढे येतो, त्याला हँगर म्हणतात. फोरएंडचा एकुलता एक स्क्रू तिरपा जाऊन या हँगरमध्ये बसतो. स्क्रू आवळला की लाकूड एकाच वेळी वरही खेचलं जातं आणि मागे रिसीव्हरच्या तोंडावरही दाबलं जातं. म्हणजे लाकडाचं मागचं टोक रिसीव्हरला टेकलेलं, पुढचं टोक नळीला खालून रेटणारं आणि मधला भाग अधांतरी असलेल्या हँगरला लटकलेला. त्यात घोड्याची मुख्य स्प्रिंगही याच हँगरच्या आधाराने बसलेली असते, त्यामुळे घोडा पडताना बसणारा झटका आधी हँगरला जातो.

नळी तापली की पसरते, लाकडाच्या टोकावरचा दाब वाढतो, नळीचं कंपन बदलतं आणि गोळी वर जाते. हवेतली आर्द्रता वाढली तरी हेच होतं, कारण अक्रोडाचं लाकूड ओलावा धरून फुगतं. कोरड्या हवेत झीरो केलेली, म्हणजे नेम जुळवलेली, रायफल पावसाळी किनारपट्टीवर नेल्यावर वर मारू लागते, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

कागदावरून निदान

प्रत्येक छिद्राला क्रमांक द्या. हे न करता निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे काम. रायफल थंड असताना पाच गोळ्या, दोन गोळ्यांमध्ये साधारण एक मिनिट. मग नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा आणि दुसऱ्या कागदावर पाच गोळ्या, पण या वेळी प्रत्येक गोळीनंतर दहा मिनिटं थांबून.

पहिल्या कागदावर १-२-३-४-५ क्रमाने वर चढल्या आणि दुसऱ्यावर एकत्र राहिल्या, तर दोष टोकाच्या दाबाचा. दोन्ही कागदांवर उभी रेघ आहे पण क्रमाला काही अर्थ नाही (३ सगळ्यात वर, ४ सगळ्यात खाली), तर हँगर किंवा स्क्रू हलतोय किंवा तुम्ही रायफल दर वेळी वेगळ्या ठिकाणी टेकवताय. तिरपी किंवा आडवी रेघ असेल तर लाकूड नळीला एका बाजूने घासतंय. आणि चारी बाजूंना सारखाच फाफटपसारा असेल तर फोरएंडला हात लावूच नका; नळीच्या तोंडाची कड, स्कोप किंवा काडतुसं तपासा.

टेकवण्याची जागा या रायफलीत फार महत्त्वाची आहे. वाळूची पिशवी फोरएंडच्या मागच्या भागाखाली, रिसीव्हरच्या जवळ हवी. पिशवी टोकाखाली ठेवली की रायफलीचं वजनच लाकडाला नळीवर दाबतं आणि नसलेला दोष कागदावर उमटतो. नळी तर कधीच पिशवीवर टेकवू नये.

७×५७ बहुतेक वेळा १-ए या हलक्या मॉडेलमध्ये मिळते, २२ इंची नळीची. तिच्या पट्ट्याची पुढची कडी लाकडावर नसून नळीवरच्या कड्याला असते. पट्टा दंडाला गुंडाळून ताणून मारायची सवय असेल तर तुम्ही थेट नळीच ओढताय. पट्ट्याशिवाय आणि पट्टा ताणून अशा तीन-तीन गोळ्या मारून बघा. दोन्ही ग्रुप (छिद्रांचे पुंजके) वेगळ्या जागी पडले, तर इलाज सुतारकामाचा नाही, सवयीचा आहे.

आधी स्वस्तातली कारणं संपवा

नळीवर मागच्या बाजूला जी छोटी पट्टी आहे, क्वार्टर रिब, तिच्यावरच स्कोपच्या रिंगा बसतात. रिंगा घट्ट असतात पण रिबचे स्क्रू वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. स्कोप काढा, रिबचे स्क्रू सोडून तेल पुसा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब देऊन परत आवळा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते २० इंच-पाउंड पुरे. याहून जास्त आवळल्यास स्कोपची नळी चेपते.

फोरएंडचा स्क्रू किती आवळावा यावर अनेक मतं आहेत. खरं महत्त्व आकड्याला नाही, तो आकडा दर वेळी तोच असण्याला आहे. टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरावीक जोरानेच आवळणारा) नसेल तर स्क्रूची खाच कोणत्या दिशेला थांबते ते बघा आणि साफसफाईनंतर तिथेच आणा. स्क्रूड्रायव्हरची पाती खाचेत पूर्ण बसणारी हवी. निमुळत्या पात्याने खाच एकदा चिरली की नंतर प्रत्येक वेळी स्क्रू अर्धवटच आवळला जातो.

एका ग्रुपमध्ये दोन डब्यांची काडतुसं मिसळू नका. हे सांगायची गरज नसावी, पण ७×५७ मध्ये हा घोळ नेहमी होतो. अमेरिकी कारखान्यांची १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण २,६६० फूट प्रति सेकंद आणि १७५ ग्रेनची २,४४० च्या आसपास जाते. त्या एकाच ठिकाणी लागण्याचं काही कारण नाही.

लाकडाचं काम

रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. फोरएंडचा स्क्रू काढा, लाकूड पुढे सरकवून खाली उतरवा. हँगरवरच्या स्प्रिंगा दाबाखाली असतात, त्या सोडवायच्या भानगडीत पडू नका. या कामासाठी त्याची गरज नाही.

आता नळीच्या खालच्या अर्ध्या भागाला, हँगरला आणि रिसीव्हरच्या पुढच्या तोंडाला मेणबत्तीच्या काजळीचा किंवा गनस्मिथ वापरतात त्या निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्या. लाकूड बसवा, स्क्रू नेहमीइतका आवळा, परत काढा. लाकडावर जिथे डाग उमटले तिथे स्पर्श आहे. हवा तो नमुना असा: मागच्या तोंडावर दोन्ही बाजूंना सारखा स्पर्श, हँगरच्या बसण्याच्या जागी स्वच्छ पूर्ण स्पर्श, नळीच्या बाजूंना अजिबात नाही. टोकाशी काय हवं ते पुढे बघू.

बऱ्याच रायफलींत मागच्या तोंडाचा एकच कोपरा टेकलेला दिसतो. मग स्क्रू आवळला की लाकूड त्या कोपऱ्यावर फिरतं आणि टोक नळीच्या एका बाजूला जातं. उंच राहिलेला कोपरा धारदार पटाशीने खरवडा, कापू नका. दर खेपेला कागदाच्या जाडीइतकंच, आणि पुन्हा काजळी लावून बघा. लाकूड परत जोडता येत नाही. दोन्ही बाजू सारख्या होईनात तर थांबा आणि त्या तोंडावर बेडिंग एपॉक्सीचा (फट भरून कडक होणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्या. त्याआधी धातूच्या भागांवर मेणाचे दोन हात द्यायचे आणि स्क्रूच्या भोकात मऊ माती भरायची, म्हणजे एपॉक्सी आत शिरणार नाही. घट्ट व्हायला पूर्ण चोवीस तास द्या. घाई केली की लाकूड आणि रिसीव्हर एकमेकांना चिकटतात.

नळीचा खोबणीतला मार्ग मोकळा करायला गोल लाकडी दांड्याला १२० नंबरचा सँडपेपर गुंडाळा. नळी आणि लाकूड यांच्यातून दुहेरी घडी केलेला साधा कागद टोकाजवळून हँगरपर्यंत विनासायास सरकला पाहिजे.

हे झालं की आतल्या उघड्या लाकडाला सीलर द्याच. पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे तीन हात, मागच्या कापलेल्या तोंडाला चार. लाकडाचे रेषे तिथे उघडे असतात आणि ओलावा तिथूनच आत जातो. बाहेरून आरशासारखं पॉलिश आणि आत कोरडं लाकूड, ही अवस्था फार रायफलींची असते. त्यामुळे या साध्या कामानेच ऋतूप्रमाणे झीरो सरकणं बरंच कमी होतं.

टोकाला टेकू द्यायचा की नाही

इथे दोन पंथ आहेत आणि दोन्ही पंथांच्या रायफली चांगल्या मारतात. एक म्हणतो, टोकाशी ठरावीक, सारखा दाब द्या. दुसरा म्हणतो, नळी पूर्ण मोकळी सोडा. कुठली नळी काय मागते हे आधी सांगता येत नाही. सुदैवाने काहीही न कापता ते तपासता येतं.

आधी मोकळं करून बघा. हँगर आणि लाकूड यांच्यात, स्क्रूच्या भोवती, पातळ पितळी पत्र्याची चकती घाला, म्हणजे टोक नळीपासून किंचित खाली येईल. पाच गोळ्या. मग चकती काढून टोकापासून इंचभर मागे, नळी आणि लाकूड यांच्यामध्ये जुन्या बँक कार्डाचा २० मिमी रुंद तुकडा ठेवा. कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, त्यामुळे दाब निश्चित आणि पुन्हा तसाच देता येतो. पाच गोळ्या. तिसरी चाचणी: कार्ड लाकडावर न ठेवता हँगरचं पुढचं टोक आणि नळी यांच्यामध्ये. तिथली फट कार्डापेक्षा मोठी असेल तर कडक चामड्याचा तुकडा चालतो. असा तुकडा नुसता अडकून राहिला पाहिजे. ठोकून बसवायचा नाही.

आमचं स्पष्ट मत तिसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. हँगरचं मोकळं टोक नळीला टेकवलं की त्याचं थरथरणं थांबतं आणि टेकू लाकडाचा नसून पोलादाचा होतो, त्यामुळे हवामानाचा प्रश्न संपतो. एका टोकाला धरलेली लोखंडी पट्टी दुसऱ्या टोकाशी बोट टेकवताच वाजायची थांबते, तसाच हा प्रकार आहे. चामड्याच्या तुकड्याने फरक पडला, तर कायमचा उपाय म्हणून गनस्मिथकडून हँगरच्या टोकात आटे पाडून एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवून घ्या. त्याचं टोक बोथट आणि शक्यतो पितळी हवं, नळीवर ओरखडा नको. आटे हँगरमध्येच पाडायचे. नळीला ड्रिल लावण्याचा विचारही मनात आणू नये. मग ग्रब स्क्रू नळीला टेकेपर्यंत फिरवायचा, तिथून पाव-पाव फेरा पुढे नेत प्रत्येक वेळी पाच गोळ्यांचा ग्रुप बघायचा. ग्रुप आधी लहान होत जातो, एका टप्प्यानंतर परत मोठा होऊ लागतो. सगळ्यात लहान ग्रुपवर परत या आणि निळ्या लॉकटाइटने पक्का करा. नंतर झीरो नव्याने करावा लागेल, कारण ग्रुपची जागा सरकलेली असते.

७×५७ ची स्वतःची खोड

फोरएंड नीट केल्यावरही ग्रुप अडीच-तीन इंचांवर अडला तर चेंबरकडे बघा. १८९० च्या दशकातलं हे लष्करी काडतूस मुळात १७३ ग्रेनच्या लांब, गोल नाकाच्या गोळीसाठी बनलं होतं. त्या गोळीला जागा हवी म्हणून अनेक ७×५७ चेंबरांचा थ्रोट (चेंबर आणि नळीतल्या चक्राकार खाचा, म्हणजे रायफलिंग, यांच्यामधली मोकळी जागा) लांब असतो, आणि जुन्या नंबर १ मध्येही तो बऱ्याचदा तसाच सापडतो. आखूड १४० ग्रेनची गोळी अशा चेंबरमध्ये रायफलिंगला लागण्याआधी बराच प्रवास करते आणि वाकडी शिरू शकते.

कारखान्याचीच काडतुसं वापरत असाल तर १७५ ग्रेनची एक पेटी आणून बघा. लांब गोळी थ्रोटमध्ये आधीच आधार घेते, आणि अशा रायफलीत ती हलक्या गोळीपेक्षा सरस ठरणं नेहमीचं आहे. घरी काडतूस भरणाऱ्यांना इथे एक फायदा आहे: या रायफलीला मॅगझिनच नाही, त्यामुळे ३.०६५ इंच या ठरलेल्या एकूण लांबीत अडकायचं कारण नाही. गोळी पुढे बसवा, पण मानेत किमान ७ मिमी, म्हणजे एका कॅलिबरइतकी पकड राहू द्या आणि रायफलिंगपासून अर्धा मिमी तरी अलीकडे थांबा. रायफलिंगमध्ये रुतलेली गोळी दाब वाढवते. शिवाय न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच राहून दारू यंत्रणेत सांडते. बसण्याची खोली बदलली की छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासूनच पुन्हा चढत जायचं.

अमेरिकी काडतुसं मवाळ भरलेली असतात, कारण त्यांना जुन्या १८९३-९५ च्या माउझर आणि रोलिंग ब्लॉक रायफलींचा विचार करावा लागतो. अमेरिकी मानकाची कमाल ५१,००० पीएसआय, युरोपीय मानकाची ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. नंबर १ दोन्ही सहज सोसते. पण त्याच पेटीतलं युरोपीय काडतूस आजोबांच्या माउझरमध्ये कोणी घालणार नाही याची काळजी घ्या. आणि ७×५७ आर हे कडा असलेलं काडतूस वेगळं. ते या चेंबरचं नव्हे.

पुंगळी अडकत असेल तर

बोल्ट रायफलीत हँडल उचलतानाच पुंगळी आधी जोराने किंचित मागे खेचली जाऊन सैल होते. खाली सरकणाऱ्या ठोकळ्यात तो फायदा नाही. लिव्हर थेट ओढतो, म्हणून जी पुंगळी बोल्टमध्ये सहज निघेल ती इथे रुतते. चेंबर सॉल्व्हंटने साफ करून पूर्ण कोरडा ठेवा. तेलाचा थर चेंबरमध्ये राहू देऊ नका, त्याने ठोकळ्यावरचा जोर वाढतो. पुन्हा भरलेल्या पुंगळ्या नुसत्या मानेला नाही, पूर्ण लांबीत साइझ करा (साच्यात दाबून मापात आणा), खांदा झाडलेल्या मापापेक्षा ०.०५ मिमी मागे. त्याहून जास्त मागे ढकलला तर बुडाजवळ पुंगळी ताणली जाऊन फाटते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवून तिथे खाच लागते का बघा, लागली तर पुंगळी फेकून द्या. लांबी २.२३५ इंचांवर गेली की २.२२५ ला कापा.

कारखान्याच्या नव्या काडतुसाची झाडलेली, रिकामी पुंगळीही अडकली, तर लिव्हरवर हातोडी किंवा पाय वापरू नका. तोंडाकडून साफसफाईची कांडी घालून हलकेच ठोका आणि रायफल गनस्मिथला दाखवा. चेंबर खरखरीत असेल तर तो पॉलिश करून देईल. इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) पुंगळीच्या कडेवरून घसरत असेल तर आधी त्याची खाच साफ करा. जुनं घट्ट झालेलं ग्रीस तिथेच साचतं आणि नोव्हेंबरच्या थंडीत दगडासारखं होतं.

शेवटची चाचणी

तापलेल्या नळीचे सुंदर ग्रुप हरणाच्या कामाचे नाहीत. तिथे कामाला येते ती थंड नळीतली पहिली गोळी. म्हणून सगळं झाल्यावर एकच कागद घडी करून ठेवा आणि रेंजवर जाल तेव्हा पहिली गोळी त्याच कागदावर, त्याच शंभर यार्डांवरून मारा. तारीख आणि हवामान छिद्राशेजारी लिहा. अशी पाच छिद्रं दोन इंचांच्या वर्तुळात बसली तर रायफल हंगामाला तयार आहे. कोरड्या आणि दमट दिवसांची छिद्रं वेगवेगळ्या उंचीवर दिसली, तर मागच्या तोंडाचा सीलर पुन्हा तपासा. कुठेतरी लाकूड अजून उघडं राहिलंय.